चित्रांचा गाळा

घाटघर,
१७ नोव्हेंबर २०२३

ती. दादास,

धाकट्या इंद्रायणीचा साष्टांग नमस्कार. या वेळी तो अगदी खराखुरा साष्टांग आहे, कारण गेले काही दिवस मी आडवीच आहे. टायफॉइड निघाला. काळजी करू नकोस, औषध चालू आहे आणि घरमालकीण ठकूबाई मला उठू देत नाहीत. सकाळ-संध्याकाळ नाचणीची पेज समोर ठेवतात आणि वाटी रिकामी होईपर्यंत दारात बसून राहतात. फोनची रेंज टेकाडावर चढल्याशिवाय येत नाही आणि सध्या माझ्याने उंबरा ओलांडवत नाही, म्हणून हे पत्र एसटीच्या कंडक्टरकडे देते आहे.

अडचण अशी की डिसेंबरच्या सुरुवातीला पुण्यात एक प्रदर्शन आहे. स्वतःच चित्रं काढून, हाताने छापून, स्वतःच विकणारी आमच्यासारखी माणसं तिथे दोन दिवस गाळे मांडतात. माझाही गाळा ठरला आहे. वर्षभर लाकडाचे ठसे खोदून जे छापलं ते सगळं पेटीत भरून तयार आहे, फक्त मी तयार नाही. समृद्धीला कॉलेजातून दोन दिवस सुट्टी मिळेल का? आत्यासाठी तेवढं करील ती.

आणखी एक. मुलांची रंगवायची पुस्तकं काढणाऱ्या पुण्यातल्या एका कंपनीने मला कायमची नोकरी देऊ केली आहे. कॉम्प्युटरवर चित्रं काढायची, दहा ते सहा. प्रदर्शन झालं की कळवते, असं मी त्यांना सांगितलं आहे. दादा, दोन वर्षं मी या डोंगरात एकटी शाई घोटते आहे. आता फार थकले रे. ताप उतरला तरी हा थकवा उतरेलसं वाटत नाही.

वहिनीला नमस्कार. राग आला असेल तर तो मी बरी होईपर्यंत राखून ठेव, माया मात्र आत्ताच पाठव.

तुझी
इंदू


अवसरी बुद्रुक,
२३ नोव्हेंबर २०२३

चि. इंदूस,

दादाचे अनेक आशीर्वाद आणि तुझ्या वहिनीकडून वेगळा दम. नूतन म्हणते, टायफॉइड झाल्यावर आठ दिवसांनी कळवतात का? तिनं मेथीचे लाडू केलेत, पण पेजेवर असणाऱ्या माणसानं ते खायचे न्हाईत म्हणून आमीच खातोय.

समृद्धीची परीक्षा त्याच दिवसांत हाय. नूतनला कांद्याच्या लागणीवरच्या बाया सोडून हलता येत न्हाई. उसात बिबट्या बसलाय, त्यामुळं बाया ऊन चढल्याबिगर रानात उतरत न्हाईत आणि दिवस अर्धाच हाती लागतो. मग राहिलो मी. मला चित्रातलं काय कळत न्हाई, पण गाळ्यावर बसायचं कळतं. भाजी काय, चित्र काय. पेटी जुन्नर स्टँडवर पाठव, मी तिथून उचलतो.

नोकरीचं म्हणशील तर हो म्हणून टाक. माझंपण हल्ली गुडघ्यात जीव राहिला न्हाई. निदान एकानं तरी पंख्याखाली बसावं.

ताप उतरल्याचं कळव. तोवर इथं घास नीट उतरत न्हाई, असं नूतन लिहायला सांगते. माझंबी तसंच हाय.

दादा


अवसरी बुद्रुक,
६ डिसेंबर २०२३

चि. इंदूस,

आशीर्वाद. गाळा झाला. निम्म्याच्या वर चित्रं गेली, हिशोब तू आल्यावर देईन. आता बाकीचं सांगतो, कारण नूतनला सगळं दोनदा सांगून झालंय आणि ती आता ऐकत न्हाई.

पहिल्या दिवशी मी तुझी चित्रं दोरीला चिमटे लावून टांगली, कपडे वाळत घालतात तशी. शेजारच्या गाळ्यावरची हर्षाली म्हणून एक पोरगी आली आणि तिनं मुकाट्यानं सगळी सरळ केली. ती तुझ्याकडं कधीतरी ठसे खोदायला शिकलीय म्हणे. मग मला म्हणाली, काका, मी बघते, तुमी जरा फिरून या.

इंदू, माझं वय बावन्न. बाजार सोडून मी असा नुसता बघत कधी फिरलोच न्हाई. एका पोरानं कागद कापून अख्खा आठवडेबाजार केला व्हता. पुस्तक उघडलं की बाजार उभा राहतो, मिटलं की निजतो. मेथीच्या जुड्या नखाएवढ्या. एक म्हातारी तराजू धरून बसलेली आणि काटा जरासा तिच्याच बाजूला. मी एवढा मोठ्यानं हसलो की माणसं बघाया लागली. पुढं एक रिटायर गृहस्थ. ते एकच कुत्रं छापतात, त्यांच्या दारातलं. कधी पायरीवर, कधी स्कूटरखाली, कधी कुणाच्या चपलेवर डोकं ठेवून, पण प्रत्येक चित्रात झोपलेलं. मी तिथं लई वेळ उभा राहिलो. खरं सांगू का, मला त्या कुत्र्याचा हेवा वाटला.

गाळ्यावर आलो तर लोक इचारत व्हते, हे कसं छापतात? मला कुठं म्हाईत. हर्षालीनं सांगितलं, तवा मलाबी कळलं. एकच लाकूड. थोडं खोदायचं, एक रंग सगळ्या कागदांवर छापायचा. मग तेच लाकूड आणखी खोदायचं, त्यावर दुसरा रंग. शेवटचा रंग होईस्तोवर लाकडावर काही उरतच न्हाई आणि एक चित्र जास्त पायजे म्हणलं तरी निघत न्हाई. तू एवढ्या चिकाटीनं करती असशील असं माझ्या ध्यानात कधी आलं नव्हतं.

भातलावणीचं चित्र हाय ना, वाकलेल्या बाईचं, त्यापुढं एक बाई थांबल्या. त्यांनी इचारलं, हिचा चेहरा का नाही काढला? उत्तर खरं तू द्यायचं, पण तोंडातून माझ्या निघालं.

"लागणीला वाकलेल्या माणसाची पाठच दिसती, ताई."

चित्र घेऊन गेल्या.

आणि कांद्याच्या ढिगाला टेकून झोपलेला माणूस. तो मीच की. टोपी नाकावर आलेली, एक चप्पल निघालेली. कधी बघितलंस गं? दुसऱ्या दिवशी एका डॉक्टरीणबाईंनी मला विकत घेतलं. आता मी औंधला त्यांच्या दवाखान्यात भिंतीवर झोपणार. नूतन म्हणते, निदान तिथं तरी पुरी झोप होऊ दे.

नोकरीला हो म्हण, असं मी मागं लिहिलं व्हतं. ते लिहिलं तवा मी हे काय बघितलं नव्हतं. आता मला सल्ला देता येत न्हाई. तुला जे झेपंल ते कर.

तब्येतीला जप. आमच्यावर लोभ हाय तेवढा ठेव, कमी करू नको.

दादा


घाटघर,
२८ डिसेंबर २०२३

ती. दादास,

सा. न., या वेळी बसून. तुझं पत्र मी ठकूबाईंना वाचून दाखवलं. भातलावणीच्या चित्राचं ऐकल्यावर त्या म्हणाल्या की ती पाठ त्यांचीच आहे आणि त्यातलं एक चित्र आता इथेच राहील, मला विचारायचं कारण नाही. माझ्याजवळ एक कच्ची प्रत उरली होती, ती मी त्यांच्या घरात लावून दिली. आल्यागेल्याला त्या चित्राशेजारी पाठमोऱ्या वाकून ताडून दाखवतात. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा पोटभर हसले.

पण दादा, मी कंपनीला हो कळवलं. उजवं मनगट सकाळी वळत नाही. डॉक्टर म्हणतात, खोदणं थांबवा, नाहीतर पेलाही धरता येणार नाही. तू गाळ्याबद्दल इतकं मनापासून लिहिलंस आणि मी हे कळवते आहे, म्हणून दोन दिवस कागद पुढे घेऊन नुसती बसून होते. मला रडू येत नाही. नुसतं झोपावंसं वाटतं.

माझं छापायचं यंत्र, ती प्रेस, टेम्पोने तुझ्याकडे पाठवते आहे. लोखंडी आहे, जड आहे, उतरवायला चार माणसं लागतील. गोठ्यात कुठेही ठेव आणि वर ताडपत्री टाक. अडचण झाली तर भंगारात दे, मला विचारू नकोस. मी इथून थेट पुण्याला जाईन. संक्रांतीला घरी येणार नाही. ते यंत्र असं झाकलेलं पाहणं मला आत्ता जमायचं नाही. वहिनीला समजावून सांग, तिला कळेल.

रागावू नकोस एवढंच मागते. तेवढं मिळालं की पुरे.

तुझी
इंदू


अवसरी बुद्रुक,
३० जानेवारी २०२४

चि. इंदूस,

आशीर्वाद. पुण्यातली खोली बरी हाय असं समृद्धीकडून कळलं. फोनवर तू हो-न्हाईच्या पुढं बोलत न्हाईस, म्हणून लिहितोय.

प्रेस आली. गोठ्यात न्यायच्या आधीच नूतन आडवी आली. म्हणाली, इंदूची वस्तू शेणात ठेवायची न्हाई. पुढच्या खोलीत खिडकीपाशी बसवली. आता टीव्ही बघायचा तर मान वाकडी करून बघावा लागतो. ताडपत्री कांद्याच्या रोपाला पायजे व्हती, ती तिकडंच गेली.

नुसतं यंत्र बघून काय करायचं, म्हणून मी हर्षालीला फोन केला. ती एका रविवारी आली. तिनं नूतनला लाकूड कसं धरायचं, पटाशी कशी लोटायची ते दाखवलं. नूतननं मेथीचं एक पान खोदलं आणि छापलं. लई सुबक आलंय. तेव्हापासून भाजी निवडता निवडता ती मधीच थांबते आणि एखादं पान उजेडात धरून बघत बसते. परवा मला जेवायला उशीर झाला तो त्यापायीच.

मी इचार केला तो सांगतो. तुझी नोकरी चालू दे. पगार वेळेवर येतोय, येऊ दे. पण रविवारी तर कंपनी बंद असती ना? तू फक्त लाकडावर रेघ मारायची आणि कुठं किती खोल ते बोलायचं. खोदायचं काम आमचं. माझा हात जड हाय, नूतनचा बरा हाय. मनगटाला काय ताण पडणार न्हाई, हे मी हर्षालीला दोनदा इचारून घेतलंय.

दमलेला तर मीबी हाय. पण गाळ्यावरून आल्यापासून रानात बांधावर बसलो की मी इकडं तिकडं बघतो. आधी बघत नव्हतो. आता एकट्यानं किती बघू?

माया हाय, ती लिहून दाखवायची सवय न्हाई. समजून घे.

तुझा
दादा

ता. क. या कागदाच्या मागल्या बाजूला माझा पहिला ठसा हाय. दोनच शब्द खोदलेत. लाकडावर उलटं खोदावं लागतं हे मला कुणी सांगितलं न्हाई, त्यामुळं छापल्यावर ते उलटे आलेत. नूतन हसून हसून खाली बसली. आरशापुढं धर म्हणजे वाचता येतील. खोलीत आरसा नसंल तर इथंच सांगतो. घरी ये, असं हाय.