स्कूटर निरुपमाची, मागची सीट हेरंबची

आज सकाळपासून माझे स्कूटर चालवणे बंद झाले आहे. नेत्रतज्ज्ञ डॉ. मोहना देसाई यांनी या बातमीला दुजोरा दिला. अक्षरांचा तक्ता मी पाठ म्हणून दाखवला, तेव्हा त्यांनी तक्ता बदलला आणि म्हणाल्या, "काकी, मगज फर्स्ट क्लास छे. पण आंख हवे ना पाडे छे. स्कूटर बंध!" डोके शाबूत असल्याचे यातले पहिले वाक्य कायद्याला हवे असते. डोळे आता नकार देतात, या बाकीच्यामुळे हे मृत्युपत्र आजच लिहायला घेतले आहे.

सबब मी, सुनंदा जनार्दन खानविलकर, वय चौऱ्याहत्तर, राहणार निजामपुरा, बडोदे, निवृत्त उपसंपादक, हे पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मुलगा हेरंब पलीकडच्या खोलीत येरझाऱ्या घालतो आहे, पण त्याचे दडपण मला कधी आलेले नाही.

१. राहता फ्लॅट हेरंब आणि पुण्याला असलेली मुलगी अवंती यांना समान वाट्याने द्यावा. गॅलरीत कपडे वाळत घालण्यावरून वरच्या मजल्याशी चाललेला वादही फ्लॅटसोबत जाईल. त्यात आपली बाजू बरोबर आहे.

२. बँकेतली शिल्लक आणि दागिने यांची वाटणी सोबतच्या पुरवणीत आहे. तीवरून भांडण होईल इतके तिथे काही नाही.

३. स्कूटर. रंग मूळचा निळा. हिच्यावरून मी भाजी, गॅसची सिलिंडरे, दळण, दोन्ही मुलांचे ताप आणि यजमान आणले-नेले. (पहिली स्कूटर वेगळी होती, पण सवारी तीच.) यजमान रेल्वेत होते आणि त्यांना सायकलपुढे काही चालवता येत नव्हते. बायकोच्या मागे बसलेले कोणी पाहू नये म्हणून ते ऑफिसच्या अलीकडच्या कोपऱ्यावर उतरत आणि चालत जात. अशी बरीच वर्षे गेली. मग एके दिवशी कोपरा आला, मी वेग कमी केला, तर मागून आवाज आला, "थांबू नकोस, दारापर्यंत चल." कारण त्यांनी सांगितले नाही. मीही विचारले नाही. त्या दिवशी मी हॉर्न मात्र थोडा जास्त वाजवला.

ही स्कूटर मी सून निरुपमा हिला देते.

हेरंबचे म्हणणे नोंदवून ठेवते, कारण दुसरी बाजू छापायची मला सवय आहे. दुपारी तो म्हणाला, "आई, भंगार आहे ते. विकून टाकू. तुम्हा दोघींना कुठे जायचं असेल तर मी आहे ना. रविवारी नेईन."

"कुठल्या रविवारी?" निरुपमाने स्वयंपाकघरातून विचारले.

हेरंबने खिशातून फोन काढून पाहिला.

निरुपमाकडे माहेरून आणलेले लायसन्स आहे. ते तिने आजवर फक्त ओळखपत्र म्हणून दाखवले. लग्नानंतर हेरंबने तिला मैदानावर शिकवायला नेले होते. तो मागचा दांडा धरून धावत होता आणि ओरडत होता, "ब्रेक! अगं ब्रेक! तो नव्हे!" तिने गाडी थांबवली, स्टँडवर लावली आणि घरी चालत आली. मला एवढेच म्हणाली, "आई, दोन्ही ब्रेकच आहेत." तेव्हापासून मांडवीच्या बाजारात साधा फॉल-पिको करायला जायचे तरी ती माझ्या मागे बसून जाते किंवा हेरंबला सवड होण्याची वाट पाहते. आता माझ्या मागे बसायची सोय गेली. आमच्या घरात दोन बायका रविवारची वाट पाहत बसतील, हे मला मान्य नाही.

४. हेरंबला स्कूटरची मागची सीट देते. अटी अशा: बसल्यावर सूचना करू नयेत. दातांतून हवा आत ओढल्याचा आवाज काढू नये. नसलेला ब्रेक पायाने दाबू नये. अट मोडल्यास त्याला जवळच्या कोपऱ्यावर उतरवावे. तिथून चालत जायची परंपरा घरात आहे.

५. शेजारी श्री. पिलाजीराव यांना पेट्रोल आणायचा प्लॅस्टिकचा कॅन, रिकामा. "सुनंदाताई, जरा मांडवीपर्यंत जाऊन येतो," असे सांगून ते स्कूटर न्यायचे, आणि ती परत यायची तेव्हा शेवटचा श्वास घेत असायची. एकदा डिकीत डभोईच्या दुकानाची पिशवी निघाली. तीस किलोमीटरवरचे डभोई मांडवीच्या वाटेवर लागत नाही.

६. व्यवस्थापक म्हणून वकील श्री. धैर्यशील शिर्के यांना नेमते. त्यांनी हरकत घेतली, "काकू, मृत्युपत्रातली वस्तू मृत्यूनंतरच मिळते."

"तोवर बॅटरी उतरेल. माझी नव्हे, तिची."

त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, चावी वापरायला आजही देता येईल. सबब चावी संध्याकाळीच निरुपमाला दिली. तिने ती पदराच्या टोकाला बांधली आणि पोळ्या लाटायला गेली. रात्री जेवताना हेरंबने चावी कुठे आहे असे विचारले. निरुपमाने त्याला आणखी एक पोळी वाढली.

७. पिलाजीरावांना साक्षीदार व्हायचे होते. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीला बसू नये, असे वकील म्हणाले. "मला काय मिळणार आहे?" त्यांनी खूश होऊन विचारले. कलम पाच वाचून दाखवले. ते चहा न घेता गेले.

लिहून ठेवणार: सुनंदा जनार्दन खानविलकर (सही)

आमच्यासमक्ष सही केली, साक्षीदार:
डॉ. मोहना देसाई (सही)
अमोघ दिघे, तळमजला (सही)

निजामपुरा, बडोदे. मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५.

नोंदणीबाबत: कचेरीत उद्या सकाळी अकराची वेळ मिळाली आहे. हेरंब म्हणाला, "रविवारी नेतो." रविवारी कचेरी बंद असते. तेव्हा उद्या स्कूटर निरुपमा चालवेल आणि मी मागे बसून तोंडातून अक्षर काढणार नाही. यापैकी निरुपमाची मला खात्री आहे.