उन्हातल्या बाटल्या

४ मार्च
तीन नंबरची बाटली फिकी पडलीय! परवा कोऱ्या चहासारखी होती.
लॅबच्या गच्चीवर बारा बाटल्या. सगळ्यांत गोठ्याचं तेच शेणपाणी, गाळून भरलेलं. सहा उन्हात, सहा फॉइलमध्ये गुंडाळलेल्या. गुंडाळलेल्या तशाच काळ्या.
मॅडम म्हणतात, "ऊन रंग खातं." खात असेल. पण इतक्या भराभर? लॅबमध्ये नवा आलेला चष्मेवाला सारखा गच्चीवर असतो!

५ मार्च
आज डबासुद्धा वरच! म्हणे, "वर वारा असतो." भर दुपारी?

७ मार्च
गोठा दादाचा आहे. लॅबमध्ये बोलले नाही मी. ते पाणी तळ्यात सोडायचं की नाही, आमच्या अहवालावर ठरणार. दादा रोज विचारतो, "कुठवर आलं गं?" त्याला सगळं सांगते. लहानपणापासूनची सवय.
रंग गेला तर फायदा दादाचाच. मग चष्मेवाला बाटल्यांत साधं पाणी मिसळत असेल, तर ते कुणासाठी? नंतर दादाला अडकवायला?

८ मार्च
प्रत्येक बुचाला माझा एकेक केस चिकटवला. कुणी उघडलं तर तुटेल. बघू आता!

११ मार्च
केस जागच्या जागी. पाणी आणखी फिकं. म्हणजे खरंच ऊन!
मागे चष्मेवाला उभा. "केस कसले बघताय?"
"आधी सांगा, तुम्ही इथे का बसता?"
"तुमच्यावर लक्ष ठेवायला. गोठा तुमच्या भावाचा ना?"
कानशिलं तापली. तशीच खाली जाऊन मॅडमना सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "यापुढे दोघांनी मिळून मोजायचं."

१७ मार्च
उन्हातलं नि फॉइलमधलं, दोन्ही पाण्यांत जंतूंसाठी थोडं तळ्याचं पाणी मिसळून पाच दिवस बंद ठेवलं होतं. आज ऑक्सिजन मोजला — दोघांनी, दोनदा. काळ्या पाण्यात बराच शिल्लक. नितळात जवळजवळ नाहीच!
ऊन घाण नाहीशी करत नाही, तिचे बारीक तुकडे करतं. ते जंतूंना आयतं खाणं. खाता खाता पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. वरून स्वच्छ तळं, आत मासे गुदमरणार.
'पाणी सोडू नये' लिहिलं. दादाचा चेहरा डोळ्यांपुढे. सही केली.

१९ मार्च
दादाचा फोन. मला वाटलं, चिडेल. हसत होता.
"दोनदा माणूस पाठवला होता गं, बाटल्यांत साधं पाणी भरायला. जिना कुठला, तू वर कधी नसतेस — तूच तर सांगायचीस! पण तुमचा तो चष्मेवाला जागचा हलेल तर शपथ!"