ओमतीचा डास आणि माझी चेष्टा

ती. सौ. शैलजामावशीस,

जबलपूरहून पियूषचा नमस्कार. साष्टांग घालणार होतो, पण उजवा गुडघा सोलला आहे (कारण पुढे येईल), म्हणून सध्या उभ्यानेच स्वीकार. तुझी सांधेदुखी कशी आहे? काकाजींनी मिठावरचा हात आखडला का? इकडे आई मजेत. बाबा फॅक्टरीतून येतात, माझ्याकडे पाहतात आणि टीव्ही लावतात, म्हणजे तेही ठीक. फोन सोडून पत्र काहून, असं म्हणशील. फोनवर मी बोलायला लागलो की तू मध्येच 'आता खरं सांग' म्हणतेस. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही. बाकी काम काही नाही, सहज लिहायला बसलो.

कॉलेज सोडल्याचं तुला कळलंच असेल. (आई सांगते तसा मी सरांवर ओरडलो नव्हतो. मी भिंतीकडे तोंड करून ओरडलो, सर मध्ये उभे होते.) तेव्हापासून घरात माझा उपयोग सिलेंडर उचलण्यापुरता. अशातच आईने राइट टाउनच्या मराठी मंडळात हळदीकुंकवाची भांडी परत द्यायला पाठवलं. तिथे रविवारी मुलांचा मराठीचा वर्ग भरतो, कारण आमच्याकडची पोरं 'मम्मी, मैं जेवला' असं सांगून खेळायला पळतात. वर्ग सुखदा घेत होती. तिचे वडील रेल्वेत, अमरावतीहून बदलून आलेले. मी भांडी दिली आणि मागच्या सतरंजीवर बसलो. पुढच्या रविवारी भांडी नव्हती, तरी गेलो.

संमेलनासाठी तिला मुलांच्या तोंडी बसेल अशी गमतीची कविता हवी होती. मी म्हटलं, मी देतो. (तोवर माझा रजेचा अर्जसुद्धा आईनेच लिहिलेला.) आठवडाभर घरात येरझारा घातल्या, आणि आमच्या ओमती नाल्यावर हे निघालं:

ओमतीचा एक डास,
त्याला लागली तहान खास.
नर्मदा प्यायला घटाघटा,
म्हणे, माझा एवढाच वाटा?
ढेकर दिला तर उडालं छप्पर,
भेडाघाटचे हलले पत्थर.

सुखदा म्हणाली, पत्थर हिंदी आहे, दगड करा. मी म्हटलं, दगड केला तर छप्पर कोणाच्या भरवशावर उडेल? ती हसली. मावशी, ते हसणं कसं होतं हे मी लिहून खोडलं आहे, कागदावर डाग दिसेल तो तोच. बाबांना कविता दाखवली, तर म्हणाले, डासावर लिहून तुझं पोट नाही भरायचं, डासाचं भरेल.

मुलांना मात्र डास फार आवडला. फक्त अंजनी नावाची एक चिमुरडी उभी राहिली. 'दीदी, डासाने नर्मदा पिऊन टाकली, तर आज सकाळी आमच्या नळाला पाणी कुठून आलं?' तेव्हा सुखदाने समजावलं की ही अतिशयोक्ती. म्हणजे इतकं मोठं बोलायचं की ऐकणाऱ्याला मजा यावी आणि एक अक्षरही खरं वाटू नये. मी मागे बसून मान डोलावत होतो. आपला खड्डा खणला जातोय हे तेव्हा कळलं नाही.

कारण त्याच दिवशी मी हिंमत केली. ती स्कूटर काढत असताना जवळ गेलो आणि म्हटलं, सुखदाजी, तुम्ही आल्या नाहीत तर राइट टाउनात ऊन पडत नाही, आणि माझा जीव माझ्याकडे नसतोच, तुमच्या स्कूटरच्या डिक्कीत असतो. ती थबकली. मग म्हणाली, 'फारच छान उदाहरण आहे.' पुढच्या रविवारी तेच वाक्य फळ्यावर. वर लिहिलेलं, अतिशयोक्ती. सगळा वर्ग माझं प्रेम एका सुरात पाठ करून राहिला होता, आणि अंजनी बाहेर जाऊन डिक्की बघून आली. 'दादा, तिथे तर नुसता टिफिन आहे.'

माझं डोकं तुला ठाऊक आहे. वर्ग सुटल्यावर तिला फाटकाशी गाठलं आणि म्हटलं, 'तुम्ही समजूनच नाही राहिल्या. मी इतके दिवस चेष्टा करून राहिलो.' आता तूच सांग, आम्ही शिकलो हिंदी शाळेत. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, धडपड. पण ती अमरावतीची, तिने मराठी ऐकलं. म्हणाली, 'चेष्टाच ना? बरं झालं सांगितलंत. मी उगीच...' आणि थांबली. मला वाटलं, माझ्या धडपडीला ही नुसती धडपड म्हणून राहिली. मी तणतणत म्हटलं, 'हो, चेष्टाच. पहिल्या दिवसापासून.' आणि बाईकला अशी किक मारली की बाईक, मी आणि मंडळाची कुंडी एकाच नालीत. (गुडघा तो हाच.) मागे वळून पाहिलं तर ती गेलेली.

संध्याकाळी आईला म्हटलं, पोळ्या चंद्रासारख्या झाल्या आहेत. ती म्हणाली, आईची चेष्टा करतो का रे? तेव्हा कुठे कळलं, फाटकाशी सुखदाने काय ऐकलं ते. पुढच्या रविवारी पळत गेलो, तर सुखदा नागपूरला. तिथल्या एका शाळेत नोकरी लागली होती, निघायचं आधीच ठरलेलं. अंजनी म्हणते, दीदी त्या दिवशी तुम्हाला तेच सांगायला थांबली होती.

आता वर्ग मी घेतो. परवा उपमा शिकवत होतो. चंद्र कशासारखा, विचारलं. पोरं म्हणाली, पापडासारखा, कॅरमच्या स्ट्रायकरसारखा. मग म्हणाली, दादा तुम्ही सांगा. मी पाणी प्यायला बाहेर गेलो. सुखदा खडूचे हात खिडकीच्या गजाला पुसायची. तो गज अजून पांढरा आहे. मी मुलांना तिथे हात लावू देत नाही. यात काही वाढवून लिहिलेलं नाही, मावशी.

काकाजींना नमस्कार. तब्येतीला जप.

तुझा,
पियूष

ता. क. सहज लिहायला बसलो असं वर म्हटलं ते खोडून वाच. सुखदाची शाळा नागपुरात तुमच्या गल्लीच्या मागेच आहे. संध्याकाळी फिरायला जातेस, तेव्हा जरा तिकडून जा आणि तिला एवढंच सांग की जबलपुरात चेष्टा म्हणजे प्रयत्न. कॉलेजचं काढू नको.

ता. क. २ सांगताना रंगवू नको. मी जेवण सोडलंय वगैरे म्हणशील, तर तेही ती फळ्यावर लिहील.

ता. क. ३ अजून एक. भाजीबाजारात सुखदा अशी पक्की हिंदी बोलायची की भाजीवाले आपणहून भाव उतरवायचे. तरी 'चेष्टा'चा इकडचा अर्थ तिला माहीत नसणार, असं मी धरून चाललो आहे. माहीत होता असं निघालं, तर मला ते कळवू नको. भेट झाली नाही, एवढंच लिही.