आबांचा सुधारलेला मेसेज

विजयमालाअक्का, बंगळुरूहून नमस्कार.

आबांची बोलणी खाऊन आपण दोघं मोठे झालो. काल मात्र त्यांचा मेसेज वाचून मी हादरलो. ‘प्रिय पुत्रा, माझी प्रकृती समाधानकारक आहे.’ तू सांगतेस, आबा फोनमध्ये बोलले आणि एआय ॲपनं ते लिहून घेताना फक्त भाषा सुधारली. अक्का, त्यांचं ऑपरेशन होऊन आठवडाही झाला नाही. ते ‘लय दुखतंय बे, कावून नाही येत तू?’ असं म्हणाले असतील, तर?

भर सभेत मी या तंत्रज्ञानाची बाजू घेतो, पुढंही घेईन. पण आपल्या बापाचं दुखणं पुसायचा अधिकार त्याला कुणी दिला?

तू जेवतेस ना वेळेवर?

आजच फोन त्यांच्या तोंडापुढं धर, मला पोटभर शिव्या द्यायला सांग आणि ते रेकॉर्डिंग जसंच्या तसं पाठव.

तुझा हनुमान