भिंतीकडे तोंड

३ नोव्हेंबर, सोमवार

माझ्यावर घोर अन्याय झालेला आहे. कचरागाडी आजपासून माझ्या खिडकीखाली थांबणार नाही! इतकी वर्षं तिची ती किरटी धून वाजली की मी सपाता अडकवून खाली उतरायचे, पिशवी भिरकावायचे आणि वर यायचे. कुणाशी चकार शब्द नाही. आता देवळाच्या कोपऱ्यापर्यंत चालायचं आणि पिशव्या धरून अख्ख्या गल्लीबरोबर ताटकळायचं. ताटकळली की माणसं बोलतात.

शेजारची लो आजी तर बोलायलाच जन्मलेली. हातात माशांची डोकी, तोंडात बीश्याचं नाव. "काय गं आ-चू, तुझ्या मैत्रिणीनं काय पुस्तक लिहिलंय! माझी नात रात्रभर रडली."

"किंमत बघून?"

"ही तुझी जीभ! म्हणून तर कुणी दोन घटका उभं राहत नाही तुझ्याजवळ."

बीश्या! शाळेपासूनची माझी मैत्रीण. एकुलती एक. जन्मभर बँकेत नोटा मोजल्या, निवृत्त झाली, शाळकरी मुलींसाठी एक कादंबरी लिहिली — आणि तैपेईहून कॅमेरे! मी सव्वीस वर्षं दर सोमवारी पेपरात टवाळीचं सदर लिहितेय. ते वाचून आजवर रडले ते फक्त ज्यांच्यावर लिहिलं ते. आणि ही बाई कोण? तर जिला डब्यातलं सोया सॉसमध्ये मुरलेलं अंडंही आवडत नसे! रोज तिचं अर्धं अंडं मला संपवावं लागे. तेवढे माझे उपकार आहेत तिच्यावर.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज गाडीला सुट्टी. म्हणजे माणसांनाही. पुस्तक उघडलं.

नायिका एकाकी. वाफेच्या पेटीतून गरम डबे येतात, वर्गभर मुळ्याचा वास. जेवण उरकलं की सगळ्यांनी बाकावर हातांची उशी करून झोपायचं — शाळेची शिस्त! जिची जिच्याशी मैत्री, तिच्याकडे तिचं तोंड. हिच्याकडे कुणाचंच नाही. मग एका दुपारी एक गोबरी, सावकाश बोलणारी मुलगी तिच्याकडे वळते. हे बरं जमलंय. (हे वाक्य खोडावं.)

पण चोरी! हेडमास्तरांच्या टकलावरचा विनोद माझा. गणिताच्या बाईंची नक्कल माझी. सगळं उचलून त्या बिचाऱ्या नायिकेला देऊन टाकलंय!

६ नोव्हेंबर, गुरुवार

अर्धं पुस्तक झालं. मी कुठेच नाही!!

ती गोबरी म्हणजे नक्की हुइचेन — पुढच्या बाकावरची, दुसऱ्याच वर्षी शाळा सोडून गेलेली. म्हणजे बीश्याला जवळची ती! दोघी एकमेकींकडे तोंड करून झोपायच्या वाटतं. मला कसं दिसणार? माझा बाक भिंतीशी. मी भिंतीकडे तोंड करून झोपायचे. तिकडे उजेड लागत नाही. आवड आपली.

पुस्तक फ्रीजवर फेकलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सोमवारचं सदर पाठवलं. "नोटा मोजणारीनं अश्रू मोजायला घेतले, त्यातही खोटे निघाले." छान चावतं!

संध्याकाळी तिचाच फोन. "वाचलंस?"

"वाचलं."

"शेवटपर्यंत?"

"हो." (धादांत खोटं.)

मग, "रागावली नाहीस ना, आ-चू?"

"मी कशाला रागावू? माझा काय संबंध त्यात?"

"बरं," म्हणाली. परत एकदा, "बरं."

सोमवारी ते छापून आलं की हा फोन वाजायचा थांबेल. ठाऊक आहे मला. दुसऱ्या कुणाचा तसाही वाजत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

रांगेत लो आजी. "नातीनं शेवट वाचून दाखवला. कमाल हो त्या गोबरीची! अंडं म्हणजे जीव की प्राण, तरी रोज अर्धं त्या बोलघेवड्या नायिकेला. वर म्हणायची, मला नाही आवडत, तू संपव!"

"खोटं कशाला बोलायचं?" माझा आवाज भलताच निघाला.

"नुसतं दिलं असतं तर टोमणा मारून परत केलं असतं ना तिनं! डब्यात कोरडा भात असायचा गं पोरीच्या. अख्खा वर्ग हसवायची आणि दुपारी भिंतीकडे तोंड करून पडायची. गोबरी तिच्या पाठीकडे बघत जागी राहायची. वळलीच कधी तर कुणीतरी दिसावं म्हणून." मग माझ्याकडे बघून, "तू वाचलंस ना सगळं?"

गाडी आली. धून वाजवत गेलीसुद्धा. पिशवी माझ्या हातातच.

"अगं टाकायचीस की!" आजी ओरडली.

घरी येऊन फ्रीजवरचं पुस्तक काढलं. शेवटापासून वाचलं. मग संपादकांना फोन — सदर परत द्या.

"अहो बाई, मग सोमवारी छापू काय?"

"कचरागाडी."

१० नोव्हेंबर, सोमवार

कचरागाडी छापून आली. त्यात लो आजी आहे. रांगेत सगळ्यांना वाचून दाखवत होती. मी शेवटपर्यंत उभी राहिले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

भर दुपारी बीश्याच्या दारात. हातात डबा.

"काय आणलंस?"

"अंडी. मला आवडत नाहीत. तूच संपव."

ती बघत राहिली. मग एक काढलं, मधोमध कापलं, अर्धं माझ्याकडे सरकवलं. मी ते परत तिच्याकडे सरकवलं.

"अख्खं," म्हटलं.