जाऊबाईंच्या कपाटाची किल्ली

मंगळवार, दिवेलागण

कपाट रिकामं निघालं! शंभरी ओलांडलेल्या या घरातल्या मोठ्या खोलीचं काम काढलंय, म्हणून आज सुताराने भिंतीतल्या कपाटाचं कुलूप तोडलं. आत तीन खण, पिवळे पडलेले कागद आणि चार डांबरगोळ्या. बस.

एकोणीस वर्षं जाऊबाई ही किल्ली मुंबईला घेऊन जातायत. गणपतीत पाच दिवस येतात, मोठी खोली त्यांची. किल्ली मागितली की म्हणायच्या, "माझं सामान आहे गो आत." आणि वर्षभर घर सांभाळणारी मी साड्या ठेवतेय पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत. इथे मांडवीच्या समुद्रकाठच्या दमट हवेत माझ्या लग्नातल्या शालूला बुरशी आली, तेव्हाही एक खण दिला नाही. रिकामा खण!

फोन करून भांडू का? छे, भांडण एका दिवसात विरतं.

सुताराने विचारलं, "वहिनी, जुनंच कुलूप दुरुस्त करू?" म्हटलं, नवं आण, दणकट. कपाट आता भिंतभर होतंय. सगळे खण माझे, किल्ली माझ्याकडे.

गणपतीला जाऊबाईंना खोली देईन, अगदी मानाने. त्यांच्या सामानासाठी पलंगाखाली पत्र्याची पेटी आहेच. आतली बुरशी मुद्दाम पुसलेली नाही.