कट्ट्यावरची पाचवी जागा

३ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची! टेम्पोवाल्यानं पुस्तकांची सोळा खोकी उतरवली, ताई यात दगड भरलेत का म्हणून विचारलं आणि तांब्याभर पाणी पिऊन गेला. सेहेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा माझ्या एकटीच्या नावावर घर झालं. जुनं शेतघर, चार खोल्या, मागे पडीक शेत. सगळ्यात आवडलं ते स्वयंपाकघर. तिथे भिंतीला लागून लांब दगडी कट्टा आहे, पाच माणसं आरामात बसतील असा. प्रुफं तपासायला तीच जागा.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, आई, तिथे भिंतींशी बोलायला लागशील. सोळा तारखेला येते. चेहरा उतरलेला दिसला तर उचलून घेऊन जाईन. तेरा दिवस आहेत. तोवर घर हसतं-खेळतं दिसायला हवं, आणि मीही.

५ नोव्हेंबर, बुधवार

कट्ट्यामागची भिंत पिवळी आहे, पण तिच्यावर ओळीनं चार जागा रंगवायच्या राहिल्यात. बसलेल्या माणसाएवढ्या. पहिलीत नुसता गिलावा दिसतो, दुसरीत पांढरा चुना, तिसरीत निळा रंग, चौथीत हिरवा.

रंगाऱ्याला बोलावलं. त्याच्या आजोबांपासून या घराचं रंगकाम त्यांच्याकडेच आहे. मी चिडवलं, की कामचुकारपणा तुमच्या घराण्यात वारशानं येतो वाटतं. एरवी बडबड्या माणूस, पण हसला नाही. म्हणाला, बाई, ब्रश जिथे अडतो तिथे जोर लावायचा नाही, ही आमची पद्धत. मोतिया रंग ठरला, लेकीच्या आवडीचा. सोळाला सकाळी येतो म्हणाला.

८ नोव्हेंबर, शनिवार

खरेदीखताबरोबर आलेले जुने कागद वाचले. घर बांधलं एका बागाईतदारानं. मग एक शाळामास्तर, मग एक सुईण, शेवटी एक कंपाउंडर. चौघंही शेवटी इथे एकटीच राहिली होती. चौघांच्याही कागदावर तेच वाक्य: मालक घर सोडून गेले, ठावठिकाणा नाही.

दूधवाली सांगत होती, कंपाउंडरकाकांचा चष्मा, चपला, सगळं घरातच होतं. अनवाणी कुठं जाईल हो माणूस, असं मलाच विचारत होती.

जुळवून पाहायची माझी खोड. रंगाऱ्याला फोन करून कुणी कोणता रंग दिला ते विचारलं. बागाईतदाराच्या वेळी भिंतीला नुसता गिलावा होता. मास्तरांनी चुना दिला, सुईणीनं निळा दिला, कंपाउंडरनं हिरवा. पिवळा रंग घर विकताना कंपाउंडरच्या पुतण्यानं लावला. म्हणजे ज्याच्या वेळी जो रंग होता, तो त्याच्या जागी तसाच राहिलाय. जणू पुढचा रंग लागताना ते तिथे बसलेलेच होते.

हे लिहिताना हसू आलं. थोडंसंच.

११ नोव्हेंबर, मंगळवार

लेकीचा फोन लागला नाही. तिलाही तिचं आयुष्य आहे. दिवसभर कुणाशी बोलणं झालं नाही.

कट्ट्याच्या टोकाला, उरलेल्या पाचव्या जागी बसून प्रुफं तपासली. दगड उबदार होता, नुकतंच कुणीतरी उठून गेल्यासारखा. शेजारी माणसं असली की न बोलताही बरं वाटतं ना, तसं वाटलं. लग्नाच्या वीस वर्षांत असं कधी वाटलं नव्हतं. मान वर केली तेव्हा संध्याकाळ झाली होती. जेवायचं राहिलं. भूकही नव्हती.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी दूधवाली दारातून आत आली. मी कट्ट्यावरच होते. ये गं, म्हटलं. तिनं स्वयंपाकघरात सगळीकडे नजर फिरवली, दोनदा हाका मारल्या, स्वतःशीच म्हणाली, सकाळी सकाळी कुठं उलथली ही बाई, आणि दुधाची पिशवी ठेवून गेली.

माझ्याकडे बघत होती ती. सरळ माझ्याकडे.

तेव्हाच उठायला हवं होतं. एसटी पकडून लेकीकडे जायला हवं होतं. उठता आलंही असतं. पण जरा वेळ बसू, म्हटलं. एवढीच चूक.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पाय उचलत नाहीत. दुखत नाहीत, नुसते माझे राहिले नाहीत.

फोन बाहेरच्या खोलीत वाजतोय. तीच असणार. वाजू दे — नको, थांबू नकोस —

डावीकडे कुणीतरी श्वास घेतं. चौघंही.

उद्या ती येईल. तिला तरी दिसेन. आईच आहे मी तिची.

१६, रविवार

रंगारी आला. हाका मारून दमला, मग रंग कालवला. ब्रश माझ्या खांद्यापाशी थांबला. त्यानं हात जोडले. माझ्याभोवतीनं रंगवून, बादली तिथेच टाकून गेला.

लेक आली. आई, आई करत सगळ्या खोल्या पाहिल्या. शेतात जाऊन आली. मी ओरडतेय. किती ओरडतेय —

रडतेय. फोनवर कुणाला तरी सांगतेय, की आई सापडेपर्यंत मी इथून हलणार नाही, इथेच राहते.

नको गं. जा. मी नाही सापडणार, तू जा —

दमलीय. इकडे येतेय. कट्ट्याकडे.

जागा नाही बाळा, कट्टा भरलाय —

सरकतायत. चौघंही सरकतायत, तिच्यासाठी. मी नाही सरकणार. मी अजिबात —

बसली. माझ्या मांडीला मांडी लागलीय. दगडावर हात ठेवून म्हणतेय, किती ऊब आहे इथे.

ऊठ. राणी, ऊठ. एकदाच ऐक आईचं, ऊ